न दिलेली बरणी

डोळ्याला रांजणवाडी आलेली दिसली की त्या गावात औषधाआधी चौकशी व्हायची. ‘कुठल्या पोटुशीला नाही म्हणालास रे?’ पोटुशी बाई जे मागेल ते तिच्या हातावर ठेवावं, तिचे डोहाळे अडवू नयेत, अडवले तर अडवणाऱ्याच्या पापणीवर दाणा उठतो, हे कालाब्रियाच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मासेवाल्या तीतोला एकदा अशीच रांजणवाडी आली, तेव्हा त्याच्या बायकोने गावातल्या एकूण एक पोटाकडे संशयाने पाहून घेतलं. शेवटी, ज्या शिक्षिकेला त्याने शेवटची कोळंबी द्यायचं नाकारलं होतं तिलाच दिवस गेलेत असं निघालं, तेव्हा कुठे तीतोला घरात गरम जेवण मिळालं.

त्यामुळे सप्टेंबरात नुन्त्सियाच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत गाठ दिसू लागली तेव्हा शेजारच्या कातेनाने तोच प्रश्न विचारला. कातेना ही नुन्त्सियाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभी राहिलेली बाई. त्या नात्याने दोघी एकमेकींना ‘कोमारे’ म्हणायच्या, आणि त्याच नात्याने कातेना दार न वाजवता आत यायची.

“कोमारे, कुणाला काय नाकारलंस?”

“कुणाला नाकारणार? माझ्या दारात येतंय कोण?” नुन्त्सिया म्हणाली.

“आठव नीट.”

“आठवायला काही नाही.”

हे खरंच होतं. जूनपासून नुन्त्सियाच्या डोक्यात काही उरलंच नव्हतं. जूनमध्ये तिचा सावेरिओ गेला. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, गावातली वायरिंगची कामं करणारा. नवरा गेल्यावर तिने त्याला एकटीने वाढवला होता. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना किनाऱ्याच्या वळणावर ट्रकखाली आला आणि जागच्या जागी संपला. अंत्यविधीचं तिला एवढंच आठवत होतं की उजव्या पायातला बूट चावत होता. चर्चमध्ये बायका ऊर बडवत होत्या आणि ती बुटाचा विचार करत होती. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. गावाने महिना-दोन महिने वाट पाहिली, मग बोलायला सुरुवात केली. न रडणारी आई म्हणजे गावाच्या दृष्टीने अर्धवट राहिलेलं काम होतं.

तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. दुःख झालंय असं म्हणावं तर तेही नाही. सकाळी उठायचं, बटाटे उकडायचे, खायचे, काळे कपडे वाळत घालायचे. बटाट्यांत मीठ घातलंय की नाही हे तिला खाऊन झाल्यावरही सांगता आलं नसतं. आरशात गाठ दिसली तेव्हा ती कोणा दुसऱ्याच बाईची गाठ असल्यासारखं तिने पाहिलं आणि दिवा बंद केला.

कातेनाला मात्र ते खपण्यासारखं नव्हतं. लोकांच्या दुखण्यावर उपाय करणं हा तिचा धर्म होता, मग दुखणेकऱ्याची इच्छा असो वा नसो. तिने आधी कॅमोमाइलच्या फुलांच्या काढ्याने शेकवलं. मग ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. बाटलीचं बूच काढून तोंड डोळ्याला लावायचं आणि आतल्या तेलाकडे टक लावून पाहायचं, हा तिथला आजीच्या आजीपासूनचा उपाय.

“काय दिसतंय?” कातेना विचारायची.

“तेल.”

“पाहत राहा.”

“तेलच दिसतंय, कोमारे. दुसरं काय दिसणार? पोप?”

जूनपासूनचा हा तिचा पहिला विनोद होता. कातेनाने तेवढ्यावर क्रूसाची खूण केली आणि गुण आला असं जाहीर केलं. गुण काही आला नाही. वाटाण्याएवढी गाठ तशीच राहिली. लाल नाही, दुखत नाही, फुटत नाही, मावळत नाही.

ऑक्टोबरात कातेनाच्याच कटकटीमुळे ती बसने तालुक्याला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचे हात थंड होते. त्यांनी पापणी उलटून पाहिली.

“दुखतं का?”

“नाही.”

“इथे दाबलं तर?”

“नाही.”

“ही रांजणवाडी नव्हे, बाई. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीचं तोंड बुजलंय. तेल आत साचून घट्ट झालंय. कोमट पाण्याचा शेक घ्या, रोज तीन-चारदा, दहा-दहा मिनिटं. मग स्वच्छ बोटाने पापण्यांच्या केसांच्या दिशेने हलकेच चोळा. पिळायचं नाही, टोचायचं नाही. महिनाभरात गेली तर उत्तम. नाहीतर इंजेक्शन देऊन पापणी बधिर करायची, आतून छोटीशी चीर द्यायची, साचलेलं काढून टाकायचं. बाहेर व्रणसुद्धा दिसत नाही.”

“आमच्याकडे तेलाच्या बाटलीत बघायला सांगतात,” नुन्त्सिया म्हणाली.

“बघा की. डोळ्यात ओतू नका म्हणजे झालं.” मग त्या गंभीर झाल्या. “पण तुमचं वय पाहता, ही गेली नाही, किंवा जाऊन परत तिथेच आली, तर काढलेला तुकडा तपासायला पाठवू. बहुधा काही नसतं. पण टाळायचं नाही.”

नुन्त्सियाने मान हलवली. नोव्हेंबरच्या मध्याची तारीख मिळाली. ती घरी आली आणि सांगितल्याप्रमाणे शेक घेऊ लागली, कारण कुणी काही सांगितलं की ते करणं न करण्यापेक्षा सोपं होतं. गाठ थोडी मऊ झाल्यासारखी वाटली.

नोव्हेंबर लागला तशी कातेना सुई-दोरा घेऊन हजर झाली. डॉक्टरांना चीर देण्याची घाई असते, पण शिवून पाहायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. सुई कातडीला लावायची नसते, पापणीसमोर हवेत टाके घालायचे असतात. टाके पडत असताना दुखणेकऱ्याने डोळे मिटून खरं तेच बोलायचं. खोटं बोललं तर दोरा गुंततो.

“काय शिवतेय मी?” कातेनाने विचारलं.

“रांजणवाडी.”

“कुणाच्या मागण्याने आली?”

नुन्त्सिया ‘कुणाच्याच नाही’ म्हणायला गेली आणि थांबली. मिटलेल्या डोळ्यांपुढे तिला आपलंच दार दिसलं. ऑगस्टमधली दुपार, दारात दोरियाना उभी.

दोरियाना ही सावेरिओची मैत्रीण. डोंगरातल्या गावची पोर, इथे बेकरीत कामाला होती आणि बेकरीच्याच वरच्या खोलीत राहायची. त्या संध्याकाळी सावेरिओ तिच्याकडूनच परत येत होता, आणि एवढी एक गोष्ट नुन्त्सियाच्या मनात दगडासारखी पक्की बसली होती. अंत्यविधीनंतर दोरियाना एकदाच आली, ती त्या दिवशी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, “मावशी, त्या बरण्यांतली एक मला द्याल?”

बरण्या म्हणजे टूनाच्या. मे महिन्यात टूना स्वस्त होतो तेव्हा गावात घरोघरी तो बरण्यांत भरतात. त्या वर्षी नुन्त्सियाचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून सगळं काम सावेरिओने एकट्याने केलं. मासा मिठाच्या पाण्यात उकळला, फडक्यावर रात्रभर निथळवला, फोडी हाताने सोडवून बरण्यांत दाबून बसवल्या, वर तेल ओतलं. ती खुर्चीत बसून तोंड चालवत होती. “अरे किती मीठ! समुद्रातून काढलेला मासा परत समुद्रात सोडतोयस का?” “आई, हात बांधलाय तसं तोंडही बांधू का?” तो म्हणाला होता. मीठ खरंच जास्त झालं का, हे बरणी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि टूना तेलात नीट मुरायला दोन-तीन महिने जावे लागतात. तो मुरायच्या आत सावेरिओ गेला. बरण्या वरच्या फळीवर तशाच राहिल्या. नुन्त्सियाने त्यांना हात लावला नव्हता आणि कुणाला लावूही दिला नसता.

“एवढंच?” तिने दारातल्या पोरीला विचारलं होतं. “तुझ्याकडून येतानाच गेला तो. आता त्याच्या हातचं खायलाही पाहिजे तुला?”

दोरियाना वळली. जिना उतरून गेली. नुन्त्सियाने दार लावून घेतलं आणि तासाभरात ते विसरूनही गेली. पापणीला गाठ आली ती त्यानंतर.

“दोरियानाने टूनाची बरणी मागितली होती,” नुन्त्सिया डोळे मिटूनच म्हणाली. “मी दिली नाही.”

कातेनाचा हात हवेतच थांबला. खायची वस्तू. पोरीने मागितलेली. पांढराफटक चेहरा. मग गाठ, आणि ती काही केल्या न जाणारी. दोन्ही बायकांनी एकाच वेळी बोटं मोजली.

“कोमारे,” कातेना हळूच म्हणाली, “तुला नातवंड येतंय.”

कुणाला सांगायचं नाही, असं नुन्त्सियाने बजावलं. कातेनाने सांता लुचियाची शपथ घेतली, आणि दिवेलागणीपर्यंत गावातल्या मांजरांनासुद्धा बातमी कळली.

त्या रात्री नुन्त्सियाने शेकासाठी पाणी कोमट केलं, फडकं भिजवलं, पिळलं आणि डोळ्याजवळ नेता नेता थांबली. गाठ गेली तर? गाठ होती म्हणून तर कळलं. गाठ आहे तोवर ते आहे. हा विचार वेडगळ आहे हे तिला कळत होतं, पण कळणं आणि ऐकणं या तिच्या बाबतीत तेव्हा दोन वेगळ्या खोल्या होत्या. तिने पाणी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून नोव्हेंबरची तारीख रद्द केली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “सध्या राहू दे. त्रास नाही.”

आता सकाळी उठल्यावर ती आधी आरशाकडे जायची, पापणीवर बोट ठेवायची. आहे. मग दिवस सुरू व्हायचा. जूननंतर पहिल्यांदाच तिला कशाची तरी वाट पाहायची होती. आनंद नव्हता तो. थंडीने बधिर झालेल्या पायाला मुंग्या येतात, तसं काहीतरी होतं.

मग बरणी देऊन मोकळी का झाली नाही ती? कारण दिली असती तर गाठ गेली असती. ‘बाळ झाल्यावर देईन,’ असं तिने स्वतःला सांगितलं. ‘सगळ्याच देईन.’

गावाने मात्र हात आखडता घेतला नाही. आपल्या पापणीवर ही बला नको, म्हणून जो तो दोरियानाच्या पुढे पुढे करू लागला. तीतोने तिला न मागता ताजी सार्डिनं दिली. भाजीवालीने संत्री दिली. पाद्रीबाबांच्या बहिणीने बदामाचा केक पाठवला. बेकरीत पाव घ्यायला येणारी प्रत्येक बाई काउंटरवर काहीतरी ठेवून जायची आणि काउंटरवरून वाकून खाली बघायची. काउंटर उंच, त्यात दोरियानाचा घोळदार ॲप्रन, त्यामुळे दिसायचं काहीच नाही. पण तोंडाने विचारायचं कुणी नाही. लग्नाआधीचं पोट, त्यात बाप मातीत. असल्या गोष्टी त्या गावात विचारत नसत, नुसत्या माहीत असत. सावेरिओ गेल्यापासून चिपाड झालेली पोर एवढ्या फुकटच्या खाण्याने महिनाभरात भरली, गाल वर आले, कमरही थोडी सुटली. “बघा!” गाव म्हणालं. आधी वाटेल तेवढं खाऊ घालायचं आणि मग पोट दिसलं म्हणून पुरावा सापडला म्हणायचं, ही न्यायाची पद्धत फक्त त्याच गावची.

नुन्त्सिया रोज बेकरीत जायची. पाव घ्यायची, कमरेकडे बघायची, परत यायची. दोरियाना “चाओ, मावशी” म्हणायची, ती मान हलवायची. याहून जास्त दोघींत काही होत नव्हतं.

डिसेंबरात सांता लुचियाचा सण आला. डोळ्यांची राखण करणारी संत ती. तिच्या दिवशी गावात पाव खात नाहीत, गहू उकडून घरोघरी वाटतात. बेकरी त्या दिवशी बंद. गव्हाचं भांडं घेऊन कातेना आली आणि नुन्त्सियाच्या पापणीकडे बघून तिचा चेहरा उतरला. गाठ वाढली होती. पापणी जड होऊन डोळ्यावर उतरू लागली होती.

“हे बरं नाही, कोमारे. सहावा महिना असणार तिला. आणि तू अजून दिलं नाहीस. सांता लुचियाच्या दिवशी तरी दे. बाळाला काही झालं तर?”

या शेवटच्या वाक्याने नुन्त्सिया उठली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने स्टुलावर चढून एक बरणी काढली, धूळ पुसली, शालीखाली धरली आणि बेकरीच्या मागचा जिना चढली.

दोरियानाने दार उघडलं. घरात ती ॲप्रनशिवाय होती. साधा स्वेटर, जुनी पँट. नुन्त्सियाची नजर थेट पोटावर गेली आणि तिथेच राहिली. चापून बसलेला स्वेटर होता. त्याखाली एका धट्ट्याकट्ट्या पोरीचं पोट होतं, बस्स.

“आत या, मावशी,” दोरियाना म्हणाली. “कधी ना कधी याल असं वाटलंच होतं.”

खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि टेबलावर गावाने दिलेली संत्री. नुन्त्सियाने बरणी टेबलावर ठेवली.

“नाहीये,” दोरियाना म्हणाली. “तुम्ही ज्याच्यासाठी आणलंय, ते नाहीये.”

“गाव म्हणतं—”

“गावाने मला काही विचारलं का? केक ठेवतात आणि जातात. कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.” ती खिडकीकडे वळली. “खोटं बोलले मी. नसते म्हणाले. जितके दिवस ते देत होते तितके दिवस असल्यासारखं वाटायचं. मी नाही म्हटलं की तेही संपलं असतं.”

नुन्त्सियाचा हात आपोआप पापणीवर गेला. गाठ तिथेच होती.

“पण मग तू बरणी का मागितलीस?”

दोरियानाने खिडकीची काच बाहीने पुसली. मग म्हणाली, “तो गेल्यावर मलाही वाटलं होतं. दोन महिने काही आलं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी देवाला म्हणायचे, एवढं राहू दे. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. ऑगस्टात तालुक्याला जाऊन तपासून घेतलं. तर काही नाही. म्हणे, धक्क्याने असं होतं, पाळी थांबते. मी बसमधून उतरले आणि सरळ तुमच्या दारात आले. म्हटलं, त्याचं काही म्हणजे काही राहिलं नाही माझ्याकडे. निदान त्याच्या हातचं काहीतरी असावं.” ती नुन्त्सियाकडे वळली. “तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्याकडून येतानाच गेला. ते खरंच आहे. म्हणून गेले.”

खाली गल्लीत कुणीतरी गहू वाटत हाका मारत होतं. नुन्त्सिया पलंगाच्या कडेवर बसली. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. नातवंड गेलं होतं. गेलं कसलं, नव्हतंच. पण दीड महिना होतं, आणि आता नव्हतं. तिने मनात चाचपून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. रिकाम्या घरात बोलल्यासारखा स्वतःचाच आवाज येत होता.

“बरणी ठेव,” ती उठत म्हणाली.

“नको, मावशी. ही तुम्ही त्याच्या बाळाला आणली होती. मला नव्हती आणली.”

नुन्त्सियाने बरणी उचलली, शालीखाली घेतली, जिना उतरली. घरी येऊन ती परत फळीवर ठेवली. कातेनाने विचारलं, दिली का? “नाही,” ती म्हणाली, आणि का ते सांगितलं नाही.

गाठ आता फक्त गाठ होती. नाताळनंतर तिने दवाखान्यात फोन करून नवी तारीख घेतली. फोनवरच्या मुलीने सांगितलं, त्या दिवशी डोळ्याला पट्टी असेल, एकटं येऊ नका, घरचं कुणीतरी बरोबर आणा.

घरचं कुणीतरी. नुन्त्सियाने फोन ठेवला. कातेना आलीच असती. तिला रोखणंच कठीण होतं. पण दुसऱ्या दिवशी नुन्त्सिया बेकरीत गेली. सकाळची गर्दी होती. गावातल्या निम्म्या जिभा तिथे रांगेत उभ्या होत्या. सणानंतर काउंटरवरचे केक बंद झाले होते, म्हणजे गावाला तेही न विचारताच कळलं होतं. नुन्त्सिया रांगेत थांबली, आपली पाळी आल्यावर पाव मागितला नाही.

“बुधवारी माझी गाठ कापणार आहेत,” ती म्हणाली. “घरचं माणूस बरोबर लागतं. तू येशील?”

रांगेतल्या माना वळल्या. आता नाही म्हणायची पाळी दोरियानाची होती आणि तिला ती सगळी मुभा होती. भर बेकरीत, सगळ्यांसमोर, उट्टं काढायची सोन्यासारखी संधी. तिने हात ॲप्रनला पुसले.

“कितीची बस?” तिने विचारलं.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी पापणीत सुई टोचली. “आता काही कळणार नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या. नुन्त्सिया म्हणाली, “मला सवय आहे.” पापणी उलटून चिमट्यात धरली, आतून चीर दिली, साचलेलं खरवडून काढलं. नुन्त्सियाला फक्त कुणीतरी पापणी ओढतंय असं कळत होतं. पाव तासात झालं. तुकडा तपासायला जाणार होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसायला साधंच दिसतंय, पण उगाच दोन महिने घालवलेत. बाहेर बाकावर दोरियाना दोघींचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. बसमध्ये तिने पट्टीच्या बाजूला बसून नुन्त्सियाचा दंड धरला. गावापर्यंत तो सोडला नाही.

घरी आल्यावर दोरियाना निघू लागली. “शेक कसा घ्यायचा ते लक्षात आहे ना? पट्टी उद्या काढायची.”

“थांब,” नुन्त्सिया म्हणाली.

एका डोळ्याने स्टुलावर चढणं सोपं नव्हतं. दोरियाना धावली, पण नुन्त्सियाने हाताने तिला मागे सारलं. बरणी काढली, टेबलावर ठेवली, झाकण फिरवलं. झाकण हलेना. सावेरिओने घट्ट लावलं होतं. शेवटी दोघींनी मिळून, एकीने बरणी धरून आणि दुसरीने फडक्याने झाकण पकडून, ते उघडलं. तेलाचा आणि समुद्राचा वास आला.

“हे तुला,” नुन्त्सिया म्हणाली. “तू मागितलं होतंस म्हणून. दुसऱ्या कशासाठी नाही.”

दोरियानाने काटा घेतला, एक फोड उचलली, तोंडात घातली. खाली मान घालून चावत राहिली. मग तिने बरणी नुन्त्सियाकडे सरकवली. पाव काही तोडला नव्हता, ताटं मांडली नव्हती. नुन्त्सियाने बोटांनीच एक फोड काढली. फोडीच्या कडेला दाबल्याची खूण होती, अंगठ्याने दाबून बसवल्याची. तिने ती खाल्ली.

खारट होती. खारट म्हणजे जिभेला झोंबेल इतकी खारट. सात महिन्यांत तिला कशाची चव लागली नव्हती आणि ही चव सुरीसारखी थेट आत गेली. तिने तोंडावर हात धरला. पट्टीखालची पापणी अजून बधिर होती, पण बाकी काहीच बधिर नव्हतं, आणि ते इतकं दुखलं की तिने टेबल धरलं.

“मावशी? पाणी देऊ?”

नुन्त्सियाने मान हलवली. तिला पाणी नको होतं. ती समोरच्या खुर्चीकडे बघत होती. मे महिन्यात मनगट बांधून ती जिथे बसली होती, तीच ती खुर्ची. आता तिथे कुणी नव्हतं.

“सांगितलं होतं ना तुला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “किती मीठ घातलंस रे, बाळा. किती मीठ घातलंस.”